एका निसर्ग-संशोधनपत्रिकेचे परीक्षण : पालीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने

पाली ग्रंथ वाचणाऱ्यास व्याकरणापेक्षाही अधिक अडविणारी जर कोणती गोष्ट असेल, तर ती पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची नावे होत. वेस्संतर जातकातील अरण्यवर्णनात वृक्षांची व पक्ष्यांची नावे ओळीने येत राहतात. आणि अट्ठकथाकार अनेक ठिकाणी ‘हा एक वृक्षविशेष’, ‘ही पक्ष्यांची एक जात’ एवढेच सांगून पुढे जातो. ऱ्हीस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा पाली कोश (१९२१-२५) कितीतरी शब्दांच्या बाबतीत हीच वाट धरतो. अर्थ दिल्यासारखे होते, पण अर्थ कळत नाही.

कुटिदूसक जातक (क्र. ३२१) हे याचे चांगले उदाहरण आहे. महाकस्सप थेरांची पर्णकुटी जाळून टाकणाऱ्या शिष्याच्या निमित्ताने ही कथा सांगितली गेली आहे. हिमवंत प्रदेशातील एक सिङ्गिल पक्षी पावसापासून सुरक्षित असे सुबक घरटे बांधून राहतो; पावसात कुडकुडणाऱ्या वानरास तो ‘तुला घर का नाही?’ असे विचारतो, आणि वानर ते घरटे विस्कटून टाकतो. हा सिङ्गिल कोण? कोशकारांनी ‘सिङ्ग’ म्हणजे शिंग या शब्दावरून शिंग असलेला कोणी पक्षी असा तर्क केला. लोकांच्या तोंडी मात्र ही कथा सुगरणीची म्हणून रुळली आहे. सुगरणीस शिंग नाही, तुराही नाही; परंतु पावसाला न जुमानणारे घरटे तिचे आहे. शब्द एकीकडे ओढतो, वस्तू दुसरीकडे. अशा वेळी निर्णय देण्यापूर्वी सुगरण पक्षी घरटे कसे बांधतो हे कोणी नीट पाहून लिहिले आहे काय, असा प्रश्न पडतो.

ते लिहिले गेले आहे. आमच्या याच रायगड (तेव्हाच्या कुलाबा) जिल्ह्यातील किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी सुगरणीच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिक्षण घेऊन ते परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरीची जागाच रद्द झालेली होती. त्या रिकामपणात हे काम झाले. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन ती तपासते, पसंत पडलेल्या घरट्याचा ताबा घेते, नर मग ते पूर्ण करून पुढच्या घरट्यास आणि पुढच्या मादीस लागतो, हा क्रम त्यांनी उलगडला. सुगरण हे नाव आपण स्त्रीलिंगी केले, पण विणणारा कारागीर नर आहे. हे लेखन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या संशोधनपत्रिकेत. प्रस्तुत लेखात या पत्रिकेचा विचार करावयाचा आहे. प्राणिशास्त्र हा आमचा विषय नाही, आणि तिच्यातील शास्त्रीय निष्कर्षांवर निवाडा देण्याचा आमचा हेतूही नाही. ज्ञान नोंदविण्याची तिची रीत, त्या रीतीचे सामर्थ्य आणि तिच्यातील उणिवा, एवढाच आमचा विषय आहे.

सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी केली. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) जमावे, आपापल्या नोंदी एकमेकांस सांगाव्यात, मिळालेले नमुने दाखवावेत, इतकाच मूळ संकल्प होता. आठांपैकी दोघे आपले होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन. डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच. पुढल्या वर्षी संस्थेचे बिऱ्हाड एच. एम. फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याच्या जागेत गेले आणि तेथेच तिची वाढ झाली. पाचवे शील पाळणाऱ्या आमच्या वाचकांनी याबद्दल राग धरू नये. पत्रिकेचा पहिला अंक जानेवारी १८८६ मध्ये निघाला. संपादक दोन : आर. ए. स्टर्नडेल आणि ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारे ई. एच. एटकन. सखाराम अर्जुन यांना तो अंक पाहावयास मिळाला नाही. १८८५ मध्येच त्यांचे निधन झाले होते. देशी औषधी वनस्पतींची नावे जमविणारा हा गृहस्थ आणखी वीस वर्षे जगता, तर पत्रिकेतील देशी नावांचे काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

एटकन सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांच्या गावांत खाराघोडा, रत्नागिरी, कारवारकडील मुलूख यांच्याबरोबर आमच्या जवळचे उरणही आहे. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास खाडीकाठी पुष्कळ वेळ रिकामा मिळतो. त्या वेळात काय पाहावे हे त्यास कळले, ही पत्रिकेची खरी पूर्वपीठिका होय. तिचे पहिले लेखक बव्हंशी असेच होते : वनाधिकारी, लष्करी वैद्य, चहामळ्याचे व्यवस्थापक, न्यायाधीश, पाद्री. विद्यापीठीय प्राणिशास्त्रज्ञ त्यांत थोडे होते.

म्हणूनच या पत्रिकेचे हृदय तिच्या मोठ्या प्रबंधांत नाही. ते प्रत्येक अंकाच्या शेवटी येणाऱ्या ‘किरकोळ नोंदीं’त आहे, असे आमचे मत आहे. अमुक गावी, अमुक दिवशी, अमुक पक्षी मी पाहिला, त्याचा रंग असा, आवाज असा, खाली सही. बहुधा एखाद्या पानाचा मजकूर. नोंद करणाऱ्यास सिद्धांत मांडावयाचा नसतो, मोठेपण मिळवावयाचे नसते. काळ, स्थळ आणि साक्षीदाराचे नाव, या तीन गोष्टी त्याने दिल्या की त्याचे कर्तव्य संपले. पुढे पन्नास वर्षांनी कोणी त्या नोंदीचा काय उपयोग करील, हे त्यास ठाऊक नसते आणि संपादकासही नसते. विनयपिटकात प्रत्येक नियमाआधी तो कोठे, कोणाच्या निमित्ताने घातला गेला याची निदानकथा येते. नियम समजण्यास ती किती उपयोगी पडते हे अभ्यासक जाणतात. निदानावाचूनचे विधान आणि निदानासह केलेले विधान यांतील अंतर या किरकोळ नोंदी वाचताना स्पष्ट होते.

या नोंदींच्या पायावर मोठी कामे उभी राहिली. फ्रँक वॉल यांची सापांवरील लेखमाला, टी. आर. बेल यांची फुलपाखरांवरील लेखमाला, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांचे ताड-माडवर्गीय वृक्षांवरील लेखन (पुढे १९२६ चा ग्रंथ), ही सर्व प्रथम क्रमशः याच पानांवर आली. १९११ मध्ये डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवून सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू झाले. ते १९२३ पर्यंत चालले. त्याचा पहिला अहवाल खानदेशाचा आहे. पुढे सालिम अली यांच्या हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन इत्यादी प्रदेशांच्या पक्षीगणना, आणि त्या सर्वांच्या आधारे रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेली दहा खंडांची पक्षिसंहिता (१९६८-७४). ग्रंथ आपण पाहतो. ग्रंथास दाणा पुरविणारी पत्रिका कपाटात राहते.

आता उणिवांकडे वळू. आरंभीच्या खंडांत शिकारीचे प्रमाण फार आहे. वाघाची लांबी इतके इंच, सांबराची शिंगे इतके इंच, अशी मापे अभिमानाने दिलेली आढळतात. पाणातिपाताविषयी ज्याच्या मनात थोडीही जागृती आहे, त्यास ही पाने वाचणे जड जाते. परंतु याच पत्रिकेत १९४८ मध्ये छापलेली एक नोंद आम्ही पुनःपुन्हा वाचण्याजोगी मानतो. मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजाने रात्री गाडीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. १९४७ ची ही घटना. त्याच्या खाजगी कारभाऱ्याने त्याचा वृत्तांत व छायाचित्र पत्रिकेकडे पाठविले, अर्थातच कौतुकाच्या अपेक्षेने. हे भारतातील चित्त्यांच्या अखेरच्या खात्रीलायक नोंदींपैकी होय. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. संपादकांनी तो वृत्तांत छापला, आणि त्यास स्वतःचा शेरा जोडला. त्याचा आशय असा की, हे कृत्य वाचून आम्हांस इतकी किळस आली की हे कागद टोपलीत टाकावेत असेच प्रथम वाटले. छापीत आहोत ते गौरवासाठी नव्हे, आरोपपत्र म्हणून.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. संपादकांचे हे परिवर्तन अहिंसेच्या तत्त्वज्ञानातून आलेले नाही. साठ वर्षे नोंदी वाचता वाचता ‘पूर्वी येथे होता, आता नाही’ हे वाक्य त्यांच्या दृष्टीस इतक्यांदा पडले असले पाहिजे की, शिकाऱ्याची पत्रिका आपोआप साक्षीदाराची पत्रिका झाली. धर्मोपदेशाने जे साधले नसते ते हिशेबाने साधले. आणि कागद टोपलीत न टाकण्याचा निर्णय किळसेपेक्षा श्रेष्ठ होता. आपणांस न आवडणारा पुरावा नष्ट करणारे संपादक सर्वच क्षेत्रांत आढळतात.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. नमुना कोणी आणला? सही साहेबाची असते; परंतु दरीत उतरून, बिळात हात घालून, झाडावर चढून जो प्राणी हाती देतो तो कातकरी, ठाकूर, भिल्ल किंवा फासेपारधी बहुधा ‘एका स्थानिक माणसाने’ या तीन शब्दांत मावतो. सर्वेक्षणाच्या अहवालांत काही ठिकाणी स्थानिक नावे दिली आहेत हे खरे. पण ती रोमन लिपीत, ऐकणाऱ्याच्या कानास जशी वाटली तशी. त्यांवरून मूळ शब्द ठरविणे हे शिलालेखातील झिजलेले अक्षर लावण्याइतकेच कठीण आहे. पत्रिकेची भाषा इंग्रजी असल्याने ज्यांचे हे ज्ञान होते त्यांच्याकडे ते छापील रूपात परत गेले नाही. हा दोष केवळ परक्या राज्यकर्त्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला.

त्याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. आंध्र प्रदेशातील ‘जेर्डनचा धाविक’ हा पक्षी १९०० नंतर कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीची नोंद नव्हती. सोसायटीचे भारत भूषण यांनी त्याचा शोध चालविला. पक्षी पकडणाऱ्या स्थानिक लोकांना चित्रे दाखविली. ऐतण्णा नावाच्या पारध्याने तो पक्षी ओळखला, आणि १९८६ च्या जानेवारीत प्रत्यक्ष पकडून दिला. त्याच वर्षीच्या खंडात हा शोध प्रसिद्ध झाला, आणि आज ऐतण्णाचे नाव या शोधापासून वेगळे करता येत नाही. तेलुगूत त्या पक्ष्यास ‘कलिवी कोडी’ असे नावही आहे. म्हणजे विद्वानांच्या दृष्टीने जो पक्षी शतकभर नाहीसा झाला होता, त्यास त्याच्या गावचे नाव अखंड होते. एका पारध्याचे नाव शोधात यावयास १८८६ पासून पुरी शंभर वर्षे लागली, हे मात्र विसरता येत नाही.

या पत्रिकेचे महत्त्व ज्याने जगास दाखविले ते प्रकरण गिधाडांचे आहे. १९९९ च्या डिसेंबर अंकात विभु प्रकाश यांचा भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील गिधाडांवरील लेख आला. तेथे त्यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली. आणि संख्या कोसळली होती. गिधाड इतके सामान्य होते की त्याची गणती करावी असे कोणास सहसा वाटत नसे. जे दुर्मिळ ते लिहावे, जे रोजचे ते सोडावे, हा मनुष्यस्वभाव आहे. केवळ आधीची मोजणी कागदावर होती म्हणून नंतरची मोजणी बोलू लागली. पुढे २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासावरून कारण निश्चित झाले : गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले, गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय उपयोगासाठी त्यावर बंदी घातली. २००७ मध्ये याच पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या मानाने ९९.९ टक्क्यांनी घटली होती. हजारांत एक उरले होते.

राजगीरचा गिज्झकूट पर्वत आमच्या वाचकांस परिचित आहे. अट्ठकथेत त्या नावाची दोन कारणे दिली आहेत : त्याच्या शिखरांवर गिधाडे राहत म्हणून, किंवा त्याचे शिखर गिधाडासारखे दिसे म्हणून. बुद्धघोषांच्या परंपरेस पहिले कारण इतके स्वाभाविक वाटले की त्यास स्पष्टीकरणाची गरज भासली नाही. आजच्या विद्यार्थ्यास आकाशात घिरट्या घालणारे गिधाड सहसा पाहावयास मिळत नाही. त्यास दुसरे कारणच तेवढे पटण्याजोगे वाटेल. ग्रंथ तोच राहिला, शब्द तोच राहिला, पण ज्याकडे तो शब्द बोट दाखवितो ते गेले. ‘ही पक्ष्यांची एक जात’ एवढेच सांगणाऱ्या अट्ठकथाकारासमोर कदाचित अशीच परिस्थिती असावी : सिंहलद्वीपात बसून जंबुद्वीपाच्या अरण्यातील पक्ष्यांची नावे तो वाचीत होता.

सिङ्गिलाविषयी किहीमच्या निरीक्षणांवरून आमचा निष्कर्ष असा की, तो सुगरण असल्याचे सिद्ध करता येत नाही. जातकातील पक्षी घरट्यात सुखाने बसून वानराशी बोलतो. सुगरणीच्या नरास एका घरट्यात असे स्वस्थ बसणे ठाऊक नाही. कथेवर निसर्गशास्त्राचा एवढा भार टाकू नये असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्तही आहे. तरीपण ‘शिंग असलेला पक्षी’ या कोशातील तर्कापेक्षा ‘घरटे विणणारा, अनिश्चित’ अशी प्रामाणिक नोंद अधिक उपयोगी होय.

येथे आमच्या स्वतःच्या क्षेत्राकडे पाहणे भाग पडते. मराठीतील बौद्धविद्येच्या नियतकालिकांत दीर्घ प्रबंध येतात, गौरवपर लेख येतात, शताब्दी-विशेषांक निघतात; परंतु किरकोळ नोंदींचे सदर क्वचितच आढळते. कुडे लेणी, महाडजवळील गांधारपाले, घारापुरी ही सर्व आमच्याच जिल्ह्यात आहेत. पाण्याच्या टाक्यावरील एखादे अक्षर गेल्या पावसाळ्यात किती झिजले, एखाद्या गावी जुन्या स्तूपाच्या विटा कोणत्या बांधकामात गेल्या, हे पाहणारे लोक आहेत. पण अर्ध्या पानाची नोंद छापणे संपादकांस कमीपणाचे वाटते, आणि लिहिणाऱ्यासही प्रबंधापेक्षा कमी काही लिहिणे अप्रतिष्ठेचे वाटते. मीठ खात्याच्या अधिकाऱ्यास हा संकोच नव्हता. याउलट अलीकडच्या दशकांत निसर्ग-संशोधनाच्या पत्रिकाही संख्याशास्त्राने जड झालेल्या लेखांकडे अधिक झुकल्या आहेत. त्याचे लाभ आहेतच, परंतु हौशी निरीक्षकाचा पाय अशा पानांवर अडखळू लागला आहे.

खांदेश्वर हे आमचे स्थान. तलाव आणि त्याकाठचे जुने शिवालय यांवरून या वसाहतीस नाव मिळाले. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यापूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे, तिवरांचे पट्टे आणि पनवेल खाडीचा चिखल होता. विमानतळासाठी उलवे टेकडी उतरविली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. विकास हवा की नको, हा वाद येथे घालावयाचा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या चिखलावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांना आगरी-कोळी बांधवांची जी नावे होती, ती सांगू शकणारी माणसे आता वृद्ध आहेत, आणि त्यांची मुले मिठागरावर गेलेली नाहीत. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने (२००२) मराठीतील अशा नावांचा मोठा साठा एकत्र केला, त्यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या श्रमांनंतरही एकेका खाडीचे, एकेका तालुक्याचे काम शिल्लक आहे.

पत्रिकेचे जुने खंड आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतून पनवेल, उरण, अलिबाग, किहीम, कर्नाळा, माथेरान ही स्थलनामे शोधून कुलाबा जिल्ह्याच्या नोंदींची एक मराठी सूची करता येईल. इंग्रजांनी ही नावे निरनिराळ्या वर्णांनी लिहिली असल्याने शोध एकदाच घेऊन भागणार नाही. प्रत्येक नावाची चार-पाच रूपे तपासावी लागतील. सूचीत रकाने पाच असावेत : नोंदीचे वर्ष व खंड, स्थळ, प्राण्याचे शास्त्रीय नाव, आज प्रचलित मराठी नाव, आणि त्या गावी वृद्धांकडून ऐकलेले नाव, सांगणाऱ्याच्या नावासह. पहिले चार रकाने ग्रंथालयात बसून भरता येतील. पाचव्यासाठी जाळी विणणाऱ्या आजोबांच्या ओसरीवर जावे लागेल, आणि तेही पहाटेची भरती पाहून.